बाजार उठल्यावर

काव्यांतील उपमा वाचकाला क्षणभर आनंद देते आणि बाजूला होते. वादांतील उपमेचें तसें नसतें. ती प्रथम दृष्टांत म्हणून आंत येते, मग पुराव्याच्या जागीं बसते, आणि अखेरीस मूळ विषयच तिच्या आड जातो. गेल्या तीस वर्षांत हा सारा प्रवास ज्या एका उपमेनें केला, तिचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ही उपमा एरिक रेमंड या अमेरिकन लेखकाच्या ‘द कॅथेड्रल अँड द बझार’ या निबंधांतील बाजाराची होय. मे १९९७ मध्यें जर्मनींतील व्युर्ट्सबुर्ग येथें भरलेल्या परिषदेंत हा निबंध वाचला गेला. १९९९ सालीं तो पुस्तकरूपानें निघाला. सॉफ्टवेअर कसें लिहावें एवढाच त्याचा विषय. पण ‘मुक्तस्रोत’ या कल्पनेचा आज जो सर्वत्र बोलबाला आहे, त्याचें पुष्कळसें श्रेय या लहानशा लेखाकडे जातें. अपश्रेयाचा कांहीं वांटाही त्याच्याकडे जातो, असें आमचें मत आहे.

वाङ्मयाच्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर सरळ आहे. आज मराठी लेखक जें लिहितो, संपादक जें तपासतो आणि वाचक जें वाचतो, तें बहुतेक सारें कोणत्या ना कोणत्या आज्ञावलीच्या हातून जातें. पूर्वीं कागद एकाचा, छापखाना दुसऱ्याचा, टपाल सरकारचें आणि पुस्तकांचें कपाट वाचकाचें स्वतःचें असे. आतां हीं चारही खातीं पुष्कळदां एकाच कंपनीकडे असतात. तेव्हां त्या आज्ञावलीवर सत्ता कोणाची, हा प्रश्न लेखक-वाचकांच्या घरचा आहे. संगणकशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. पण निबंधाची बांधणी आणि उपमेची योग्यायोग्यता हा तर आमच्या धंद्याचाच प्रांत आहे.

प्रथम पूर्वपीठिकेविषयीं दोन शब्द. आज्ञावलीचीं दोन रूपें असतात. एक, मनुष्यानें लिहिलेला आणि दुसऱ्या जाणत्या मनुष्यास वाचतां येणारा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात. दुसरें, त्यापासून तयार केलेलें यंत्राच्या उपयोगाचें रूप. व्यापारी कंपन्या बहुधा दुसरें रूप विकतात आणि पहिलें कुलुपांत ठेवतात. या रीतीविरुद्ध १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ या नांवाचा उपक्रम जाहीर केला आणि पुढें एक परवाना तयार केला. ज्याच्या हातीं आज्ञावली येईल त्याला ती वापरण्याचा, तिचा मूळ मजकूर अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वांटण्याचा हक्क असावा. आणि जो ती दुसऱ्यास देईल, त्यानें हेच हक्क त्यालाही द्यावे, असा त्या परवान्याचा आशय आहे. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला, आणि पुढच्याच वर्षीं तो या परवान्याखालीं आणला. जगभरचे अनोळखी लोक त्यांत भर घालूं लागले. रेमंड यांचा निबंध या घटनेच्या आश्चर्यानें भारलेला आहे.

निबंधाचा सारांश असा. कॅथेड्रल म्हणजे निवडक कारागिरांनीं बंद दाराआड संथपणें उभारलेलें देवालय. बाजार म्हणजे नाना हेतूंनीं जमलेल्या लोकांचा गलबला. लिनक्स हा अशा गलबल्यांतून उभा राहिला, तरी ढांसळला नाहीं. उलट दिवसेंदिवस भक्कम होत गेला. याचें कारण रेमंड असें सांगतात कीं, तपासणारे लोक पुरेसे असले म्हणजे कोणताही दोष कोणाच्या तरी ध्यानांत येतो आणि त्यावरचा उपायही कोणाला तरी सुचतो. स्वतःच्या फेचमेल नांवाच्या टपाल आणणाऱ्या आज्ञावलीवर त्यांनीं ही रीत आजमावून पाहिली आणि त्या अनुभवांतून १९ सूत्रें काढलीं.

निबंध म्हणून या लेखाचे गुण मोठे आहेत. लेखकानें जें केलें तेंच तो सांगतो. सूत्रें आटोपशीर आहेत. प्रयोगाची हकीकत आणि तिच्यावरील भाष्य यांचा मेळ सुरेख जमला आहे. त्याचा परिणामही तात्काळ झाला. जानेवारी १९९८ मध्यें नेटस्केप कंपनीनें आपल्या ब्राउझरचा मूळ मजकूर खुला करण्याचें जाहीर केलें, आणि त्या निर्णयामागें या निबंधाचा प्रभाव होता. पुढच्याच महिन्यांत ‘ओपन सोर्स’ हें नांव पुढें आलें. स्टॉलमन यांच्या ‘फ्री सॉफ्टवेअर’ या नांवांतील ‘फ्री’ शब्दानें व्यापारी बिचकत. नव्या नांवानें ती अडचण दूर केली. स्वातंत्र्याची मागणी होती, तिच्या जागीं कामाची सोईस्कर रीत आली. एका शब्दाच्या बदलानें एवढी मोठी गोष्ट घडावी, याचें भाषेच्या अभ्यासकास तरी नवल वाटूं नये.

आतां उपमेकडे वळूं. पुष्कळ वाचकांची अशी समजूत आहे कीं, निबंधांतील कॅथेड्रल म्हणजे बड्या व्यापारी कंपन्या आणि बाजार म्हणजे स्वतंत्र कारागीर. मूळ निबंधांत तसें नाहीं. कॅथेड्रलच्या पद्धतीचें उदाहरण म्हणून तेथें स्टॉलमन यांच्याच ‘ईमॅक्स’ या आज्ञावलीचें नांव येतें. म्हणजे वाद आहे तो एकाच घरांतील दोन भावांचा, काम कोणत्या रीतीनें करावें याविषयींचा. परंतु ‘बाजार’ हा शब्द इतका बोलका निघाला कीं, वाचकांनीं त्यांत मठाविरुद्ध उठलेली जनता पाहिली. उपमा लेखकाच्या हातून निसटली ती अशी.

ज्यानें आपल्याकडील आठवड्याचा बाजार पाहिला आहे, त्याला मात्र या उपमेविषयीं दोन साधे प्रश्न सुचल्यावांचून राहणार नाहींत. बाजार भरतो ती जमीन कोणाची? आणि संध्याकाळीं बाजार उठल्यावर तेथें झाडू कोण मारतो? रेमंड यांच्या बाजारांत या दोन्ही प्रश्नांना जागा नाहीं. गेल्या तीस वर्षांचा इतिहास मात्र या दोन प्रश्नांच्या उत्तरांनींच भरलेला आहे.

पहिला प्रश्न जमिनीचा. गूगलनें २००५ सालीं अँड्रॉइड ही लहानशी कंपनी विकत घेतली. २००८ सालीं त्या प्रणालीचा पहिला फोन विक्रीस आला. तिच्या तळाशीं लिनक्सचाच गाभा आहे, आणि तिचा स्वतःचा मूळ मजकूरही बराचसा खुला आहे. बाजाराचा याहून मोठा विजय कोणता? पण नकाशे, टपाल, ॲपचें दुकान आणि या सर्वांना जोडणाऱ्या सेवा गूगलच्या मालकीच्या आहेत व त्यांचा मजकूर बंद आहे. फोन बनविणाऱ्यांवर या सेवांच्या जोडीनें ज्या अटी लादल्या गेल्या, त्यांबद्दल युरोपियन कमिशननें २०१८ सालीं ४.३४ अब्ज युरोंचा दंड ठोठावला, जो पुढें न्यायालयानें किंचित् कमी केला. भारताच्या स्पर्धा आयोगानें २०२२ सालीं १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. तळघर सर्वांना खुलें आणि वरच्या मजल्यावर मालकाचा पहारा, अशी ही इमारत आहे. आपण कोठें गेलों, काय शोधलें, याची नोंद वरच्या मजल्यावर होते. तळघराचा नकाशा वाचून ती नोंद पुसतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे. परवान्यांतील अट आज्ञावली दुसऱ्यास देतांना लागू होते. कंपनीनें ती आपल्याच यंत्रांवर चालविली आणि लोकांना केवळ सेवा पुरविली, तर बदललेला मजकूर दाखविण्याची सक्ती तिच्यावर येत नाहीं. हें छिद्र बुजविणाऱ्या ॲफेरो परवान्याची नवी आवृत्ति २००७ सालीं निघाली. गूगलनें आपल्या कामांत हा परवाना असलेलें सॉफ्टवेअर वापरण्यास मनाई केली आहे. बाजारांतला कोणता माल उचलावा आणि कोणता नको, हें बड्या गिऱ्हाइकाला चांगलें कळतें.

येथें त्याच सालच्या दुसऱ्या एका लिखाणाची आठवण होते. रेमंड यांच्या निबंधाआधीं तीन महिने, फेब्रुवारी १९९७ मध्यें, स्टॉलमन यांची ‘द राइट टु रीड’ ही छोटी कथा अमेरिकेंतील संगणकतज्ज्ञांच्या एका मासिकांत छापली गेली. कथेंतल्या काळीं प्रत्येक पुस्तकाला एक पहारेकरी जोडलेला आहे. तें कोणी, केव्हां आणि कोठें वाचलें, हें तो वरिष्ठांना कळवितो. डॅन नांवाच्या विद्यार्थ्याकडे लिसा ही त्याची मैत्रीण संगणक उसना मागते. संगणक दिला तर ती त्यांतलीं पुस्तकें वाचील, आणि हा गुन्हा; तुरुंगाची शिक्षा. डॅन पेंचांत पडतो.

कथा म्हणून ही रचना उणी आहे, हें आम्हीं आडपडदा न ठेवतां सांगतों. पात्रें पुठ्ठ्याचीं आहेत, आणि कथेच्या मधोमध व्याख्यान सुरू होतें. तरी एक गोष्ट लेखकानें अचूक हेरली. पुस्तक उसनें देणें हा मैत्रीचा सर्वांत जुना व्यवहार. तो बंद पाडल्यावांचून वाचनावर संपूर्ण ताबा मिळत नाहीं. ही कथा वाचून अनेकांनीं अतिशयोक्ति म्हणून ती हंसण्यावारी नेली असेल. पुढें जुलै २००९ मध्यें ॲमेझॉननें आपल्या ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून ऑर्वेलचीं ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ हीं विकलेलीं पुस्तकें दुरून काढून घेतलीं. ती आवृत्ति विकणाऱ्यास तसा हक्क नव्हता, हें खरें. पैसेही परत मिळाले, आणि कंपनीच्या प्रमुखांनीं माफी मागितली. पण कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हें त्या दिवशीं उघड झालें. फेब्रुवारी २०२५ मध्यें विकत घेतलेलें पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून तारेनें किंडलमध्यें नेण्याची सोयही बंद झाली.

तथापि स्टॉलमन यांचें भाकित एका महत्त्वाच्या ठिकाणीं चुकलें. त्यांनीं पोलीस आणि तुरुंग कल्पिला. प्रत्यक्षांत तुरुंगाची गरजच पडली नाहीं. आपला खाजगीपणा आपण भीतीनें दिला नाहीं. फुकट टपाल, फुकट नकाशा आणि बोटाच्या एका टोंचणीवर मिळणारी सोय यांच्या बदल्यांत आनंदानें देऊन टाकला. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला. त्या निर्णयाचें स्वागत आम्हीं वर्गांत केलें, आणि त्याच संध्याकाळीं त्याच विद्यार्थ्यांचे निबंध एका परदेशी कंपनीच्या कोठारांत चढविले. हा दोष आम्ही दुसऱ्या कोणावर ढकलूं इच्छीत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न, झाडूचा. रेमंड यांचें पहिलेंच सूत्र असें कीं, चांगल्या आज्ञावलीचा उगम कर्त्याला स्वतःला जाणवलेल्या एखाद्या अडचणींत असतो. हें खरें आहे, आणि निबंधाचा मोठा दुबळेपणाही येथेंच आहे. ज्या कामाची अडचण कोणालाच तीव्रतेनें जाणवत नाहीं, पण ज्यावांचून सर्वांचेंच अडतें, तें कोणी करावें? ओपनएसएसएल ही आज्ञावली इंटरनेटवरील गुप्त दळणवळणाचें फार मोठें ओझें वाहते. एप्रिल २०१४ मध्यें तिच्यांतील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. तो दोन वर्षें तेथें होता. मजकूर सर्वांना खुला होता, वापरणाऱ्यांत जगांतील धनाढ्य कंपन्या होत्या. पण तो काळजीपूर्वक वाचणारे हातावर मोजण्याइतकेच होते, आणि त्या उपक्रमाला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारें २,००० डॉलर. तपासणाऱ्यांची संख्या मोठी असावी, असें सूत्र सांगतें. ती मोठी कशी व्हावी, हें सूत्रांत नाहीं. दोष बाहेर आल्यावर त्याच कंपन्यांनीं निधि उभारला.

मार्च २०२४ मधील प्रकरण याहून बोधप्रद आहे. एक्सझेड नांवाची, मजकूर दाबून लहान करणारी एक आज्ञावली. ती एक मनुष्य वर्षानुवर्षें बिनपगारी सांभाळीत होता. आपण थकलों आहों, असें त्यानें उघडपणें कळविलें होतें. कोणी एक मदतनीस टोपणनांवानें पुढें आला, दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणें काम करून त्यानें विश्वास संपादन केला, आणि अखेर त्या आज्ञावलींत चोरदरवाजा बसविला. ही चोरी पकडली आंद्रेस फ्रॉइंड यांनीं. दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ कां लागतो, या कुतूहलापोटीं ते खोलांत शिरले. मजकूर उघडा होता म्हणून त्यांना शिरतां आलें, हें रेमंड यांच्या बाजूनें मान्य केलेंच पाहिजे. परंतु फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टचे पगारी नोकर होते, आणि दोष पाहणारे डोळे त्या दिवशीं बहुधा दोनच होते. चोरानेंही बाजाराच्या सूत्राकडे पाहिलें नव्हतें. त्यानें पाहिला तो झाडू मारून थकलेला मनुष्य.

या विवेचनावरून मुक्तस्रोत हें थोतांड आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आमच्यावर अन्याय होईल. बंद मजकुरावर विसंबून राहण्याची किंमत याहून जबर आहे. जुलै २०२५ मध्यें युरोपियन संघानें नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले. तिचा तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेंत वाडिनार येथें आहे. लगेच मायक्रोसॉफ्टनें तिच्या टपालादि सेवा थांबविल्या. कंपनीनें दिल्ली उच्च न्यायालयांत धांव घेतली, आणि मग सेवा पूर्ववत् झाल्या. त्या निर्बंधांच्या राजकारणांत आम्ही शिरत नाहीं. जो कारखाना भारताच्या भूमीवर आहे, त्याच्या कचेरींतील पत्रव्यवहार भारतीय कायद्याचा कांहींएक संबंध नसतां दूरच्या एका कळीनें बंद पडतो, एवढेंच दाखवावयाचें आहे. एका बलाढ्य कंपनीची ही दशा, तर एखाद्या महाविद्यालयाचें किंवा मासिकाचें काय?

उपाय खुल्या मजकुराचाच आहे. पण त्याबरोबर झाडू मारणाराही नेमला पाहिजे. म्यूनिक शहरानें २००३ सालीं लिनक्सकडे वळण्याचें ठरविलें, सुमारें १५,००० संगणक त्यावर आणले, आणि नेतृत्व बदलल्यावर २०१७ सालीं माघार घेतली. केरळच्या सरकारी शाळांत मात्र मुक्त सॉफ्टवेअर जवळजवळ दोन दशकें टिकून आहे. तेथें ‘काइट’ नांवाची सरकारी संस्था शाळांसाठीं लिनक्सची स्वतःची आवृत्ति तयार करते, आणि शिक्षकांना तिचें शिक्षण देते. दोन्ही ठिकाणीं परवाना खुलाच होता. केरळांत तो सांभाळणारीं माणसें कायम ठेवण्यांत आलीं.

शेवटीं थोडें घरचें. आमचीं १९९० नंतरच्या दशकांतलीं प्रबंधाचीं टिपणें त्या वेळच्या एका व्यापारी आज्ञावलींत टंकित केलेलीं आहेत. देवनागरी तेथें केवळ डोळ्यांना दिसे. आंत अक्षरांना रोमन लिपीच्या जागा दिलेल्या असत. आज्ञावली चालण्यासाठीं यंत्राला एक डाँगल लावावा लागे. डाँगल बिघडला, ती आवृत्ति बंद झाली, आणि आज तीं पानें उघडलीं तर रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसतो. महाराष्ट्रांतील किती संपादकांच्या आणि मुद्रकांच्या कपाटांत असें मुकें मराठी पडून असेल, कोण जाणे! युनिकोड या संकेतांत देवनागरीला १९९१ सालींच स्थान मिळालें. आपल्या ‘ॲ’ या अक्षराला २००८ पर्यंत थांबावें लागलें. त्या मंडळांतही बड्या कंपन्यांचें वजन आहे. पण ठरलेला संकेत सर्वांना खुला असल्यामुळें आज लिहिलेलें मराठी कोणा एका दुकानाच्या किल्लीवर अवलंबून राहत नाहीं.

तीं जुनीं टिपणें वाचूं शकणारी एक लहानशी मुक्त आज्ञावली आमच्या एका विद्यार्थिनीनें शोधून काढली. तिच्या कर्त्याला आम्ही ओळखत नाहीं. तिनें पानें जिवंत केलीं. फक्त ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील ‘ऱ’ जागोजाग बिघडविला. प्रथम आम्हीं या दोषाबद्दल दोन दिवस कुरकुर केली. मग लक्षांत आलें कीं, रेमंड यांच्या निबंधावर टीका लिहिणाऱ्यानें असें कुरकुरत बसणें शोभत नाहीं. बिघडलेल्या ६८ शब्दांची यादी, प्रत्येकाच्या शुद्ध रूपासह, आम्हीं त्या गृहस्थांना पाठविली. त्यांचें दोन ओळींचें उत्तर आलें: यादी उपयोगी पडली, जोडाक्षरांचा दुसरा भागही तपासून द्याल काय?

आम्हीं होकार कळविला आहे.